कुणीच भांडायला आलं नाही

१

ज्या बाईंच्या हातात माझं काळीज सोपवायचं ठरलं होतं, त्यांच्या नावापुढे त्या सकाळी एकोणीस माणसं मेलेली निघाली.

हॉस्पिटलच्या दारातून आत गेलं की उजव्या हाताला एक मोठा बोर्ड आहे. हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचं नाव, किती ऑपरेशनं केली, त्यातली किती माणसं दगावली, सगळं उघड, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. दरवर्षी नवा बोर्ड लागतो. मागच्या वर्षीचा बोर्ड बघूनच मी बाईंना निवडलं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर दुसऱ्या कुणी मला घेतलंच नव्हतं.

माझ्या हृदयाला जन्मापासून एक भोक आहे, आणि ते कळलं साठी उलटल्यावर. जन्मभर मी सोफे शिवले, लोकांच्या घरात तीन-तीन मजले चढवून दिले, तेव्हा या भोकाने कधी हूं की चूं केलं नाही. आता अंघोळ करून बाहेर आलो तरी धाप लागते. भोकामुळे फुप्फुसांवर ताण येतोय, आत्ता बुजवलं तर बरं, आणखी काही महिने गेले तर कुणीच हात लावणार नाही, असं तपासणीत निघालं. तिथले सगळ्यात जुने सर्जन, त्यांना सगळे थोरले डॉक्टर म्हणतात, त्यांनी माझे रिपोर्ट बघून मान हलवली. या वयात नको, गोळ्या घ्या, जपून राहा. बाई म्हणाल्या, मी करते. परवाची तारीख दिली होती.

आज भरती व्हायला आलो तर हा नवा बोर्ड. थोरल्यांच्या नावापुढे चार, आणि बाईंच्या नावापुढे एकोणीस. मी तिथल्या बाकावर बसलो आणि घरी जाऊ या म्हणून आमच्या हिला खुणावायला लागलो.

ही कुठली ऐकायला. ती बोर्डाच्या अगदी नाकाशी गेली, चष्मा पुसला आणि वाचत उभी राहिली. आमची ही विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायची. जिवंत माणसाला मेलेला दाखवून पैसे उचलणारे तिने इतके पकडले, की ऑफिसात तिला चित्रगुप्ताची मावशी म्हणायचे. निवृत्त झाली तरी सवय सुटलेली नाही. शेजारच्यांचं मांजर दोन दिवस दिसलं नाही तरी ही चार घरी चौकशी करून येते.

"अहो," ती परत येऊन म्हणाली, "तिथे दोन रकाने आहेत. इथे हॉस्पिटलात गेलेले दोनच. घरी गेल्यावर, दोन वर्षांच्या आत गेलेले सतरा. हा दुसरा रकाना मागच्या वर्षी नव्हता."

मेलेला माणूस कुठे मेला याने मेलेल्याला काय फरक पडतो, असं मी म्हणालो. तेवढ्यात भरतीच्या खिडकीवरून आमचं नाव पुकारलं. खिडकीवरच्या मुलीने वर न बघताच सांगितलं की माझं ऑपरेशन रद्द झालंय. माझंच नाही, बाईंनी सगळीच ऑपरेशनं रद्द केली होती आणि त्या वर खोलीत सामान बांधत होत्या.

२

खरं म्हणजे आम्ही घरी जायला हवं होतं. पण हिने एकदा पर्स काखेत मारली की तिच्यामागून जाणं एवढंच माझ्या हातात उरतं.

बाई चाळिशीच्या आत-बाहेरच्या. टेबलावरची पुस्तकं खोक्यात भरत होत्या. रडून झालेल्या माणसाचा चेहरा असतो ना, कोरडा आणि धुतल्यासारखा, तसा चेहरा होता. आम्हाला बघून त्यांनी आधी खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं. "काका, बसा, धाप लागलीय तुम्हाला," म्हणाल्या. मग माझी माफी मागितली. मला इतकं कसंसं झालं. ज्या बाईंना मी खाली बाकावर बसून मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्या माझ्यासाठी खुर्ची मोकळी करत होत्या.

हिने सरळ विचारलं, ते सतरा जण कोण, आठवतात का. बाई म्हणाल्या, सगळे आठवतात. सगळ्यांच्या हृदयाला माझ्यासारखंच भोक, पण वयाने लहान, सरळसोट ऑपरेशनं. एक प्लंबर, एक शाळेतल्या बाई, एक लग्न ठरलेली मुलगी. वर्षभराने तपासलं तर सगळं स्वच्छ, एक गोळीसुद्धा चालू नाही.

"अशा माणसांना मी सांगते, तुम्ही आता पेशंट नाही, पुन्हा इथे येऊ नका," त्या म्हणाल्या. "इथे असं दुसरं कुणी करत नाही. इथे हृदयाचा पेशंट जन्मभर दर सहा महिन्यांनी येतो. थोरले डॉक्टर मला म्हणायचे, अशी माणसं मोकळी सोडू नयेत. मी ऐकलं नाही. आणि आता ज्यांना सोडलं, नेमके तेच गेले. दुसरं एकही नाव नाही त्यात."

आत काहीतरी राहून गेलं असणार, तपासायला बोलावलं असतं तर सापडलं असतं, असं त्यांनी स्वतःशी पक्कं ठरवून टाकलं होतं. हिने विचारलं, एखाद्या घरी फोन करून बघितलात का. बाईंनी मान खाली घातली. कोणत्या तोंडाने करणार, म्हणाल्या.

"बरं, कुणाचे नातेवाईक येऊन गेले? भांडायला, जाब विचारायला? निदान उपचारांचे कागद मागायला?"

बाईंनी आठवून बघितलं. नाही, कुणीच आलं नव्हतं.

एवढं ऐकल्यावर ही उठलीच. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मी आख्खी नोकरी त्या खिडकीत काढली. माणूस गेला की त्याच्या मागे कुणीतरी येतंच. बायको येते, भाऊ येतो, नाहीतर लांबचा मेहुणा येतो. विम्याला, वारसाला, सगळ्याला हॉस्पिटलचे कागद लागतात. कमावती, तरणीताठी सतरा माणसं गेली आणि एका घरातून एक माणूस आला नाही? असं होत नाही हो."

मग काय झालं असेल, असं मी विचारणार तोच ती माझ्या खांद्यावरून मागे बघून गप्प झाली. थोरले डॉक्टर आमच्या पाठीशी उभे होते, आणि त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक.

३

थोरल्यांनी आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं, चहा मागवला. गोड बोलणारा माणूस. मला असल्या माणसांची भीती वाटते, कारण माझं गिऱ्हाईक जेवढं गोड बोलायचं तेवढे पैसे बुडवायचं.

त्यांनी लपवाछपवी केली नाही. या बोर्डाला आपला पहिल्यापासून विरोध, असं स्वतःहूनच सांगितलं. बोर्ड आल्यापासून प्रत्येक डॉक्टर पेशंटकडे बघताना आधी आपल्या आकड्याकडे बघतो, म्हणाले. मग माझ्याकडे बघून थोडे घुटमळले. "तुम्हाला मी नाही म्हणालो, त्यात तुमचं वय किती आणि तो बोर्ड किती, हे मलाच नीट सांगता येणार नाही," असं म्हणाले. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. राग यायला हवा होता, पण एवढं खरं बोलणाऱ्यावर रागावता येत नाही.

हिने मात्र चहाला हात लावला नाही. तुमचा एखादा पेशंट घरी दगावला तर तुम्हाला कसं कळतं, हा तिचा प्रश्न. थोरले म्हणाले, ते टक्के सांगतो. टक्के म्हणजे बोर्डाचे आकडे काढणारा माणूस, सगळे त्याला याच नावाने हाक मारतात. आणि तुम्ही कधी कुणाला बाईंसारखं मोकळं केलंत का, असं हिने विचारलं.

"कधीच नाही. इथे हृदयाचा माणूस सुटतो तो एकदाच," थोरले म्हणाले.

हिने मान डोलावली. मला वाटलं, आता उठू. पण थोरल्यांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली आणि मी पुन्हा खाली बसलो. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक होती. बाईंनी राजीनामा दिला तर तो तिथेच मंजूर होणार होता, आणि थोरल्यांच्या सूचनेवरून बोर्डही कायमचा उतरणार होता.

बाहेर आल्यावर मी हिला म्हणालो, चोर सापडला. या माणसाला बोर्ड नको, बाई नकोत, आणि आज संध्याकाळी दोन्ही जाणार. एका दगडात दोन पक्षी. ही म्हणाली, तुम्हाला सोफ्यात ढेकूण सापडला की तुम्ही आख्खा सोफा फेकायला सांगता. आधी टक्क्यांना भेटू.

४

टक्के तळमजल्यावर बसतो. पन्नाशीचा, शर्टाचं वरचं बटण लावलेला, आणि इतका प्रामाणिक की त्याच्याशी बोलताना आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं. त्याचाही चेहरा उतरला होता. त्याच्या आईच्या हृदयाची झडप बाईंनीच दुरुस्त केली होती. पण आकडा तो आकडा, म्हणाला, आई आडवी आली तरी मी तो बदलणार नाही.

आकडा चुकला असं मी म्हणत नाहीच, ही म्हणाली, फक्त माणूस घरी दगावल्याचं तुम्हाला कसं कळतं तेवढं सांगा.

तर त्याचं असं होतं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. ते खिशात बाळगायचं, वाटेत चक्कर आली तर लोकांना कळावं म्हणून, आणि दर तपासणीला घेऊन यायचं. ते नसेल तर दारातूनच परत पाठवतात. माणूस गेला की घरची मंडळी कार्ड परत करतात. मागच्या दारापाशी, गाड्या लावतात तिथे, भिंतीला एक पेटी आहे, तिच्यात टाकतात. पेटीतल्या कार्डांवरून टक्के माणूस गेल्याची नोंद करतो. आजवर हे फक्त तपासणीची बोलावणी थांबवायला करत होते. यंदा घरी दगावलेल्यांचा रकाना बोर्डावर घ्यायचं ठरलं, म्हणून तीच कार्डं पहिल्यांदा मोजली.

मग त्या घरी फोन करून खात्री का करत नाही, असं मी विचारलं.

"एकदा केला होता," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर तपासणीला आले नाहीत, कसे आहेत, असं मी एका बाईंना विचारलं. ते नुकतेच गेले होते. घर माणसांनी भरलेलं होतं. त्या बाई दुसऱ्या दिवशी इथे आल्या, या टेबलावर कार्ड ठेवलं आणि एक शब्द न बोलता गेल्या. काकू, त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर ती पेटी बसवली. कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, कुणी काही विचारायला नको. आणि नियम केला, कार्ड परत आलं की त्या घरी इथून पुन्हा कधीही फोन जायचा नाही. एखाद्या हॉस्पिटलला एवढी माया असते हे मला त्या दिवशी कळलं. आणि मायेने केलेल्या गोष्टीच्या मुळाशी कुणी जात नाही, हेही कळलं.

आम्ही पेटी बघायला गेलो. साधी, निळ्या रंगाची. वर काहीही लिहिलेलं नाही. हिने विचारलं, इथे कोण कार्ड टाकतं यावर कुणाचं लक्ष असतं का. टक्के म्हणाला, लक्ष नसावं म्हणूनच ती इथे आहे. कार्ड हरवल्याची तक्रार घेऊन कुणी आलं होतं का, असंही हिने विचारलं, तर कुणीच नाही, म्हणाला.

मी हिला बाजूला ओढलं. माझी आता खात्रीच पटली होती. थोरल्यांनी पेशंटांची कार्डं लंपास केली आणि पेटीत टाकली, झालं. ही म्हणाली, मोकळं केल्यावर ती माणसं इथे फिरकतच नाहीत, म्हणजे चोरायची तर त्याआधीच चोरायला हवीत. आणि कार्ड चोरीला गेलेली सतरा माणसं गप्प बसतील का? कार्डाशिवाय दारातून आत सोडत नाहीत. ती माणसं खिडकीवर येऊन केवढा दंगा करतील. कुणी दंगा केला नाही, म्हणजे कार्डं कुणी चोरली नाहीत. त्यांनी ती आपल्या हाताने, राजीखुशीने दिली.

"कुणाला दिली?" मी विचारलं.

"ते मला कळलंय," ती म्हणाली. "पण माझं चुकलं, तर त्या डॉक्टर पोरीच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल." आणि मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा हिला घाबरलेलं बघितलं.

५

बाईंच्या खोलीत आम्ही पाच जण जमलो. बाई, थोरले, टक्के, ही आणि मी. खुर्च्या चारच, म्हणून टक्के पुस्तकांच्या खोक्यावर बसला.

हिने आधी काय काय बघितलं ते सांगितलं. सतरा घरांतून कुणी कागद मागायला आलं नाही. सतरांपैकी कुणाचं कार्ड हरवल्याची तक्रार नाही. सतराच्या सतरा जणांना बाईंनी मोकळं केलेलं. थोरल्यांनी कधी कुणाला मोकळं केलं नाही, आणि त्यांच्या नावापुढे घरी दगावलेला एकच माणूस.

"या हॉस्पिटलात हृदयाचा पेशंट मेल्याशिवाय सुटत नाही," ती म्हणाली. "म्हणून कार्ड परत आलं म्हणजे माणूस गेला, असं इथे सगळे धरून चालतात. तुमचं चुकलं असं नाही. इथे दुसऱ्या कुठल्या कारणाने कार्ड परत येतच नव्हतं. या डॉक्टर येईपर्यंत."

मग बाईंकडे वळून तिने विचारलं, "तुम्ही एखाद्याला मोकळं करता, तेव्हा त्याच्या कार्डाचं काय करता?"

बाई म्हणाल्या, त्यातच तर गंमत असते. मी ते मागून घेते. त्यांना सांगते, आता हे खिशात बाळगायचं नाही, लोकांना चक्कर येते तशी तुम्हाला येईल, त्याला कार्ड लागत नाही. माणसं हसतात, काही जण रडतात. मग घरी जाताना ते कार्ड मी मागच्या दाराच्या पेटीत...

वाक्य तिथेच थांबलं. टक्के खोक्यावरून उठला आणि पुन्हा बसला. ती पेटी परत आलेल्या कार्डांची, एवढंच बाईंना ठाऊक होतं. ती कशासाठी आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला कुणाची जीभ वळलीही नसती.

म्हणजे सगळ्यात बरी झालेली माणसंच मेलेल्यांत मोजली गेली होती. मी मोठ्याने हसलो असेन, कारण हिने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. "हे अजून नुसतं माझं म्हणणं आहे. दावा असा पास होत नाही," ती म्हणाली. "एक फोन करायला लागेल."

टक्के चाचरत म्हणाला, नियम आहे. थोरले हळू आवाजात म्हणाले, समजा काकूंचं चुकलं असलं तर? त्या घरच्यांना आपण काय सांगणार? बाईंनी फोन हातात घेतला होता, पण आकडे दाबायला बोट वळत नव्हतं.

६

त्यांनी आधी प्लंबरला लावला. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की भोक बुजवायच्या आधीच मी जातो की काय असं वाटलं.

मग कुणीतरी उचलला. आवाज घुमत होता, विहिरीतून यावा तसा.

"कोण? डॉक्टर? अहो डॉक्टर, मी टाकीत उतरलोय, पाण्याच्या. बाहेर आल्यावर करू का?"

बाईंनी विचारलं, तुम्ही बरे आहात ना. तो म्हणाला, मला काय धाड भरलीय, टाकी मात्र फार घाण आहे. मग त्याला संशय आला आणि त्याने विचारलं, माझ्या तपासणीत काही निघालं का. नाही, काही नाही, तुम्ही टाकी साफ करा, असं बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोरल्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. टक्के उघड-उघड रडत होता आणि त्याची त्याला जराही लाज नव्हती.

त्यानंतर जो धडाका लागला तो काय सांगू. थोरल्यांनी आपणहून खुर्ची ओढली, अर्धी नावं मागून घेतली आणि आपल्या फोनवरून लावायला सुरुवात केली. लग्न ठरलेल्या मुलीचं लग्न झालं होतं, तिने सासूलाही बोलायला लावलं. एक जण कुणाशी तरी भांडत होता, त्याने भांडण न थांबवताच आपण ठणठणीत असल्याचं सांगितलं. एकीने विचारलं, काय हो, पुन्हा यायला लागणार का, आणि नाही म्हटल्यावर आभार मानून लगेच फोन आपटला. प्रत्येक आवाजाबरोबर टक्के मोठ्याने आकडा म्हणत होता. सोळापर्यंत गेलो.

सतरावं नाव शाळेतल्या बाईंचं. फोन त्यांच्या यजमानांनी उचलला.

त्या खरंच गेल्या होत्या. मेंदूत चढलेला ताप, चार दिवसांत सगळं आटोपलं. मोकळं केल्यावर त्यांचं कार्ड बाईंनीच पेटीत टाकलं होतं, म्हणून परत करायलाही घरात काही उरलं नव्हतं. यजमान म्हणाले, तुम्हाला कळवायचं मनात होतं. ती तुमची फार आठवण काढायची. पण कळवून तुम्हाला उगाच वाईट वाटेल, म्हणून राहिलं.

बाई त्यांच्याशी पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. ही माझ्या शेजारी ताठ बसली होती. भांडायला कुणी आलं नाही म्हणजे कुणी गेलं नाही, हा तिचा आडाखा एका भल्या माणसाने मोडला होता.

फोन ठेवल्यावर थोरले म्हणाले, ताप होता, हृदयाचा काही संबंध नाही, ही तुमच्या नावावर नको. बाईंनी डोळे पुसले.

"नियम कारण विचारत नाही, सर. दोन वर्षांच्या आत कशानेही गेलं तरी मोजायचं, असं आपणच ठरवलंय. मी मला हवं तेव्हा कारण विचारायला लागले, तर उद्या सगळेच विचारतील." मग टक्क्याला म्हणाल्या, "तीन लिहा."

संध्याकाळच्या बैठकीत राजीनामा आलाच नाही. बोर्ड उतरवायचा विषय थोरल्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या नावापुढे तीन होते, आणि खाली टक्क्याने आपल्या हाताने लिहिलं होतं की कालचा आकडा चुकला, तो असा चुकला, आणि यापुढे कार्ड परत आलं की आधी ज्या डॉक्टरचा पेशंट त्यालाच विचारलं जाईल. लोक थांबून वाचत होते.

७

आता सगळं झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाई आमच्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. काका, तीन म्हणजे शून्य नव्हे. हॉस्पिटलात गेलेले ते दोघं तुमच्याच वयाचे होते. तुमच्या फुप्फुसांचा ताण बघता मी तुम्हाला हमी देऊ शकत नाही. नको वाटलं तर तसं सांगा, मी रागावणार नाही.

मी हिच्याकडे बघितलं. हिने काल दिवसभर पुरावा गोळा केला होता, बाईंचे हात निर्दोष ठरवले होते. आणि आता ही माझी बाही धरून म्हणाली, "अहो, गोळ्या घेऊन बघू या का थोडे दिवस?"

मला ती एकदम लहान दिसली. हिने मेलेली माणसं उठवली, आणि माझ्यापाशी येऊन तिचा धीर सुटला. मी भित्रा माणूस आहे, झुरळाला घाबरतो. पण त्या दिवशी मी बाईंना म्हणालो, उद्या सकाळी करा. गोळ्या खाऊन मी सोफ्यावर बसून राहीन, आणि आयुष्यभर ते शिवल्यावर मला आता त्यांच्यावर बसायचा कंटाळा आलाय. बाई हसल्या. हिला हसू आलं नाही.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, तेव्हा त्याबद्दल थापा मारत नाही. भोक अपेक्षेपेक्षा मोठं निघालं आणि बाईंना पुष्कळ वेळ लागला, एवढं मला नंतर कळलं. मी डोळे उघडले तेव्हा घशात नळी होती. ती काढल्यावर आधी थोडा खोकलो, मग श्वास घेतला.

तो श्वास कसा होता ते सांगता येत नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो पूर्ण आत गेला, खालपर्यंत. मी आणखी एक घेतला, खात्री करायला. बाई पायाशी उभ्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि मला म्हणाल्या, काका, सावकाश, श्वास संपणार नाहीत.

मग त्यांनी हिला आत सोडलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत हिने कधी माझा हात धरला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा माझी पिशवी धरते. ही आली, बाजूच्या स्टुलावर बसली आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन घट्ट धरून ठेवला. खोलीत दोन नर्स, बाई, पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ, त्यांचा मुलगा.

"अगं, लोक बघतायत," मी म्हणालो.

"बघू देत," ही म्हणाली.